बुडापेस्टला अर्धा दिवस पुरेल का? मे महिन्यात घरातली पाच माणसं घेऊन जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मे महिन्यात तुम्ही दोघं, सासू-सासरे (सत्तरीच्या आसपास, शाकाहारी, सासूबाईंचे गुडघे दुखतात) आणि नऊ वर्षांचा मुलगा असे पाच जण बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि प्राग करणार आहात. टूरवाल्याच्या प्लॅनमध्ये बुडापेस्टला दुपारी पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून निघायचं असं आहे, तर तेवढं पुरेल का, की स्वतः आखून जावं. मी बरीच वर्षं मराठी कुटुंबांच्या मध्य युरोपच्या ट्रिपा आखून देते आणि त्यात बुडापेस्ट हे माझं सगळ्यात लाडकं शहर, त्यामुळे उत्तर लांबलंय, चहा घेऊन वाचा.

तेवढं अजिबात पुरत नाही. तीन रात्री द्या, चार जमल्या तर फारच छान. कारण सांगते. हे शहर डॅन्यूबच्या दोन काठांवर समोरासमोर बसलंय, पश्चिमेला बुडा म्हणजे टेकड्या, किल्ला, जुनी वस्ती, आणि पूर्वेला पेस्ट म्हणजे सपाट, मोठे रस्ते, पार्लमेंट, बाजार. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन वेगवेगळी गावं होती, ती १८७३ मध्ये एक झाली. आता गंमत अशी की एका काठावरचं सगळ्यात सुंदर जे काही आहे ते दुसऱ्या काठावरून दिसतं. पार्लमेंट पेस्टला आहे पण ते बघायचं बुडावरून, किल्ला बुडावर आहे पण तो अख्खा दिसतो पेस्टच्या काठावरून. आणि दिवसाची वेळ चुकली तर दोन्ही फिके पडतात. सकाळी सूर्य पेस्टच्या मागून वर येतो, त्याचा उजेड सरळ बुडाच्या टेकडीवर पडतो, म्हणून सकाळ किल्ल्यावर घालवायची. संध्याकाळी सूर्य बुडाच्या टेकड्यांमागे जातो आणि शेवटचा उजेड पार्लमेंटच्या नदीकडच्या भिंतीवर पडतो, तेव्हा आपण बुडाच्या काठावर हवं. टूरची बस दुपारी दोन वाजता किल्ल्यावर सोडते आणि संध्याकाळी हॉटेलवर जेवायला नेते, म्हणजे सगळं उलटं. म्हणून माझं एकच म्हणणं असतं, आधी कोणती वेळ कोणत्या काठावर ते ठरवा, बाकीची यादी त्यात आपोआप बसते.

आता तिकीट आणि व्हिसा, कारण ते आधी करायचंय. मुंबईहून बुडापेस्टला थेट फ्लाइट नाही, दुबई, दोहा किंवा इस्तंबूलला बदलून जावं लागतं. परतीचं तिकीट बुडापेस्टहूनच काढू नका, जाताना मुंबई-बुडापेस्ट आणि येताना प्राग-मुंबई असं काढा, म्हणजे बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग असं एका रेषेत जाता येतं आणि उलटं यायचा दिवस वाचतो. बुडापेस्ट ते व्हिएन्ना ट्रेनने पावणेतीन तासांच्या आत, व्हिएन्ना ते प्राग साधारण चार तास, दोन्ही प्रवास बसून खिडकीतून बघत जायचे, विमानतळाची धावपळ नको.

व्हिसा शेंगेनचा, एकाच व्हिसावर तिन्ही देश होतात. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा यात लोक गोंधळतात. जिथे सगळ्यात जास्त रात्री त्या देशाकडे, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. तुम्ही तीन-तीन-तीन रात्री केल्यात आणि बुडापेस्टला उतरलात तर अर्ज हंगेरीचा. प्रागला चार रात्री केल्यात तर अर्ज चेक रिपब्लिकचा, मग उतरा कुठेही. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण मे म्हणजे आपल्याकडच्या शाळांची सुट्टी, सगळा महाराष्ट्र तेव्हाच निघतो आणि अपॉइंटमेंट मिळत नाहीत, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच हलवा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना निम्मी, वर व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. १२ वर्षांखालच्या मुलांचे व्हिसासाठी बोटांचे ठसे घेत नाहीत. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि सासू-सासऱ्यांचा घेताना बीपी-शुगरसारखे आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते पॉलिसीत वाचून घ्या, फक्त स्वस्त म्हणून घेऊ नका. आता युरोपात शिरताना पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घेऊन नोंद करायची नवी पद्धत आलीय, रांगेत वेळ जातो, तेव्हा उतरल्या उतरल्या दोन तासांनी कुठलं तरी बुकिंग असं ठेवू नका.

राहायचं कुठे? तुमच्यासारख्या कुटुंबासाठी माझी पहिली पसंती पाचव्या डिस्ट्रिक्टचा पार्लमेंटकडचा भाग, लिपोतवारोश म्हणतात त्याला, किंवा त्याच्या उत्तरेला मार्गारेट ब्रिजजवळचं उयलिपोतवारोश. शांत, झाडं आहेत, खाली किराणा आणि बेकरी, ट्राम जवळ. बुडाच्या बाजूला बाच्यानी चौकाजवळचा भागही छान, समोर पार्लमेंट, खाली मेट्रो. सातवा डिस्ट्रिक्ट म्हणजे जुना ज्यू मोहल्ला, तिथे हॉटेलं स्वस्त दिसतात पण पडक्या वाड्यांतले प्रसिद्ध बार सगळे तिथेच आहेत आणि रात्री दोन-तीन वाजेपर्यंत रस्त्यावर आवाज असतो, सासऱ्यांची झोप जाईल. फ्लॅट घेणार असाल तर एक बघा, सहाव्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तेरेझवारोशच्या रहिवाशांनी २०२४ मध्ये मतदान करून थोड्या दिवसांच्या भाड्याच्या फ्लॅटवर १ जानेवारी २०२६ पासून बंदी ठरवली, तेव्हा त्या भागात हॉटेलच बघा. आणि लिफ्ट आहे का हे विचारून घ्या, जुन्या इमारती देखण्या असतात पण छत उंच, त्यामुळे दुसरा मजला म्हणजे आपल्याकडचा तिसरा-चौथा होतो.

पैसे. हंगेरी युरोपियन युनियनमध्ये आहे पण चलन युरो नाही, फोरिंट आहे, ढोबळमानाने किमतीला चारने भागलं की रुपये. दुकानात, जवळपास सगळीकडे कार्ड चालतं. मशीन विचारतं की रुपयांत घेऊ की फोरिंटमध्ये, दर वेळी फोरिंटच दाबा, रुपये दाबले की रेट त्यांचा लागतो आणि तो कायम वाईट असतो. रोख हवी तर बँकेच्या इमारतीतल्या एटीएममधून काढा, टुरिस्ट गल्ल्यांत भिंतीला सुटी मशीनं लावलेली असतात ती टाळा. एअरपोर्टवर पैसे बदलू नका. हॉटेलात जेवल्यावर बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का बघा, बहुतेक ठिकाणी लावलेला असतो, मग वर टिप द्यायची गरज नाही.

एअरपोर्टवरून शहरात १००ई नावाची बस थेट शहराच्या मध्यावरच्या देआक चौकात येते, तिचं तिकीट वेगळं असतं, साध्या तिकिटावर चालत नाही. पण पाच माणसं, पाच बॅगा आणि दुखणारे गुडघे म्हणजे टॅक्सीच करा, बाहेर अधिकृत टॅक्सीचं बूथ आहे, तिथे पत्ता सांगितला की अंदाजे भाडं लिहून चिठ्ठी देतात. बाहेर पडताच "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ येणाऱ्या माणसांबरोबर जाऊ नका.

शहरात फिरायला ट्राम-मेट्रो इतकी चांगली आहे की गाडी नकोच. बुडापेस्टगो नावाचं अ‍ॅप टाकून ठेवा. पाच जणांपर्यंत चालणारा २४ तासांचा ग्रुप पास असतो, तुम्ही बरोबर पाच आहात, पण मग पाचही जण सतत एकत्र हवेत. सासू-सासरे दुपारी हॉटेलवर परतणार असतील तर प्रत्येकाचा ७२ तासांचा पास घ्या. तिथे ६५ च्या वरच्यांना प्रवास फुकट असं तुम्ही ऐकाल, ते युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी आहे, आपल्या ज्येष्ठांना तिकीट लागतं. सुटी तिकिटं घेतलीत तर मेट्रोत शिरताना मशीनवर शिक्का मारायचा, गाडी बदलली की नवं तिकीट, तपासनीस बरोबर सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभे असतात आणि परदेशी माणूस म्हणून सोडत नाहीत. पासचा त्रास नाही.

गुडघ्यांच्या दृष्टीने: ४ आणि ६ नंबरच्या ट्राम जमिनीलगत, चढायला सोप्या. नदीकाठची २ नंबर मात्र बऱ्याचदा जुन्या पिवळ्या गाड्यांची, तिला उंच पायऱ्या असतात, हात धरून चढवा. एम २ मेट्रो खूप खोल आहे आणि तिथले सरकते जिने आपल्या मॉलमधल्यापेक्षा बरेच वेगाने पळतात, सासूबाईंना आधी सांगून ठेवा. एम १ अगदी रस्त्याखाली, थोड्याच पायऱ्या, पण लिफ्ट नाही.

आता दिवस कसे लावाल ते.

पहिला दिवस पोचायचा, त्या दिवशी फक्त नदी. दुपारी झोप काढा, मग सहाच्या सुमारास मार्गारेट ब्रिजच्या पेस्टकडच्या टोकाहून २ नंबर ट्राम पकडा आणि दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताच्या खिडकीत बसा, नदी त्या बाजूला. पार्लमेंटला वळसा घालून चेन ब्रिज, पलीकडे किल्ला, मग एलिझाबेथ ब्रिज, गेलर्ट टेकडी आणि हिरवा लिबर्टी ब्रिज, एका तिकिटात सगळं शहर समोरून जातं. फोवाम चौकात उतरून त्या हिरव्या पुलावर थोडं उभं राहा. तिथून ४७ किंवा ४९ नंबरने पूल ओलांडा, पलीकडे बुडाच्या काठाने १९ किंवा ४१ नंबरची ट्राम बाच्यानी चौकापर्यंत येते. मे महिन्यात सूर्य आठ ते साडेआठच्या दरम्यान मावळतो, तुम्ही पावणेआठला तिथे नदीकाठच्या पायऱ्यांवर बसलेले असा, पार्लमेंट बरोबर समोर. आधी दगड सोनेरी होतो, मग गुलाबी, मग पंधरा-वीस मिनिटं नुसतं राखाडी, आणि मग दिवे लागतात. त्या राखाडी वेळेत लोक उठून जातात, तुम्ही जाऊ नका. परत जायला एम २ ने एकच स्टेशन, मेट्रो नदीच्या खालून जाते आणि पार्लमेंटपाशीच वर येते, मुलाला हे फार आवडेल.

पुलांबद्दल थोडं सांगते कारण ते माहीत असलं की काठ वेगळा दिसतो. चेन ब्रिज १८४९ मध्ये खुला झाला, बुडा आणि पेस्ट यांना जोडणारा हा पहिला कायमचा पूल, त्याआधी होड्यांवर तरंगणारा पूल असायचा आणि हिवाळ्यात बर्फ आलं की तो काढावा लागायचा. आराखडा विल्यम टिअर्नी क्लार्क या इंग्रज इंजिनिअरचा आणि बांधकामावर देखरेख अ‍ॅडम क्लार्क या स्कॉटिश माणसाची, आडनाव एकच पण दोघांचं नातं काही नाही. अ‍ॅडम क्लार्क तिथेच राहिला, हंगेरियन मुलीशी लग्न केलं, पुलाच्या बुडाकडच्या टोकाचा चौक त्याच्या नावाने आहे. आणि १९४५ च्या जानेवारीपर्यंत मागे हटणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले सगळे पूल उडवून दिले. सगळेच. दोन्ही काठ पुन्हा तुटले. चेन ब्रिज परत उभा करून खुला केला तो २० नोव्हेंबर १९४९ ला, म्हणजे पहिल्या उद्घाटनाला बरोबर १०० वर्षं झाली त्या दिवशी. तुम्ही बघाल ते सगळे पूल, ती सगळी जुनी दिसणारी रांग, या शहराने परत जोडून घेतलेली आहे. मला त्या लोकांबद्दल यासाठी खरंच आदर वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर किल्ला. लवकर म्हणजे आठच्या आत वर. केबलने ओढलेली जुनी सिक्लो रेल्वे १८७० पासूनची आहे आणि फोटोत छान दिसते, पण रांग लांब आणि तिकीट महाग, तुम्ही १६ नंबर बस घ्या, ती देआक चौकातून निघून चेन ब्रिजवरून वर जाते आणि मथायस चर्चच्या दारात सोडते, तुमचा पासही चालतो. वर फिशरमन्स बॅस्टियन, म्हणजे शहर बघायची बुरुजांची गच्ची. लोकांना वाटतं हा मध्ययुगीन किल्ला, तसं नाही, फ्रिजेश शुलेक नावाच्या वास्तुविशारदाने १९०२ पर्यंत तो बांधून पूर्ण केला, सात बुरूज हे मग्यार, म्हणजे मूळ हंगेरियन, लोकांच्या सात टोळीप्रमुखांचे. खालचे गॅलरी-जिने कायम फुकट, वरच्या मजल्याला दिवसा तिकीट, पण सकाळी लवकर तिकीटवाला नसतो आणि गर्दीही नसते. नऊनंतर टूरच्या बसा येतात आणि मग फोटोसाठी रांगा लागतात. मथायस चर्च आतून बघाच, भिंतींवर इंच न इंच रंगवलेला आहे. तुर्कांनी १५४१ मध्ये बुडा घेतलं आणि १६८६ पर्यंत त्यांच्याकडे होतं, त्या काळात या चर्चची मशीद झाली होती. रस्ते दगडी गोट्यांचे आहेत, सासूबाईंना सपाट बूटच घालायला सांगा. उतरताना राजवाड्याकडून वार्केर्त बझारच्या बाजूला या, तिथे लिफ्ट आणि सरकते जिने थेट नदीकाठी आणतात, ही गोष्ट टूरमध्ये कोणी सांगत नाही आणि गुडघेवाल्यांचा जीव वाचतो.

दुपारी जेवून विश्रांती, आणि चारच्या आसपासची पार्लमेंटची इंग्रजी टूर. हे आधी ऑनलाइन बुक करावंच लागतं, गाइडशिवाय आत सोडत नाहीत, आणि मे मध्ये ऐनवेळी तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका. युरोपियन युनियनबाहेरच्यांना दर जवळपास दुप्पट आहे, सांगितलेलं बरं, तिथे जाऊन वाईट वाटायला नको. तरी पैसे वसूल. इम्रे श्टाइंडल याच्या आराखड्यावर १८८५ मध्ये काम सुरू झालं, इमारत २६८ मीटर लांब, घुमट ९६ मीटर उंच. हा ९६ आकडा मुद्दाम आहे, मग्यार टोळ्या इथे इ.स. ८९६ मध्ये आल्या असं मानतात, त्याला १००० वर्षं झाली १८९६ ला, सेंट स्टीफन बॅसिलिका या मोठ्या चर्चची उंचीसुद्धा ९६ मीटरच ठेवली. श्टाइंडल बिचारा १९०२ मध्ये वारला, नव्या सभागृहात खासदार बसायला लागले त्याच्या थोडं आधी. घुमटाखाली हंगेरीचा पवित्र मुकुट ठेवलाय, वरचा क्रॉस वाकडा आहे तो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तो अमेरिकन सैन्याकडे गेला, पुढे अनेक वर्षं अमेरिकेतल्या फोर्ट नॉक्समध्ये सरकारी सोन्याबरोबर जपून ठेवलेला होता आणि १९७८ मध्ये परत दिला. त्या दालनात फोटो काढू देत नाहीत. मुलाला एक शोधायला सांगा, सभागृहाबाहेर खिडक्यांपाशी पितळेच्या पट्ट्या आहेत, त्यावर नंबर घातलेले खाचे, खासदार आत जाताना आपली पेटलेली सिगार तिथे ठेवून जायचे.

पार्लमेंटमधून निघून काठाने दक्षिणेला चाललात की पाच-सात मिनिटांत लोखंडी बूट दिसतील, ६० जोड, नदीच्या कडेला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यू माणसांना, बायकांना, मुलांना इथे काठावर आणलं, बूट काढायला लावले कारण बुटांना किंमत होती, आणि गोळ्या घालून नदीत पाडलं. जान तोगाय यांची कल्पना आणि ग्युला पाउअर यांचं शिल्प, २००५ मध्ये बसवलं. त्यात लहान मुलांचे बूटही आहेत. नऊ वर्षांच्या मुलाला नेऊ नये असं मी म्हणणार नाही, पण आदल्या दिवशी त्याच्या वयाला झेपेल तेवढं सांगून ठेवा, आणि तिथे बुटांत पाय घालून फोटो काढणारी माणसं दिसतात, आपल्याकडून तसं होऊ देऊ नका. पाच मिनिटं गप्प उभं राहिलात तरी पुरे. याच विषयाला धरून दोहान्य रस्त्यावरचं सिनेगॉग, १८५९ मधलं, युरोपातलं सगळ्यात मोठं, साधारण ३००० माणसं बसतात, पण शनिवारी बंद, तेव्हा वार बघून लावा.

त्याच रात्री बोट. पेस्टच्या काठावरच्या विगादो चौकाजवळच्या धक्क्यांवरून सुटतात. जेवणासकटची क्रूझ घेऊ नका, शाकाहारी माणसाला तिथे सॅलड आणि बटाटे मिळतात आणि खिडकीच्या काचेत आपलंच तोंड दिसतं. साधी तासाभराची, उघड्या डेकची, आणि मे मध्ये नऊची किंवा त्यानंतरची, कारण त्याआधी अंधार पडलेला नसतो आणि लोक सातच्या बोटीत बसून "एवढं काय आहे यात" म्हणत उतरतात. फार उशिराचीही नको, रोषणाई रात्रभर चालू नसते. नदीवर वारं असतं, सगळ्यांना जॅकेट.

तिसरा दिवस पूर्ण पेस्टचा. एम १ ने हिरोज स्क्वेअरला जा, ही मेट्रो १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे, छोटे डबे, फरशा लावलेली स्टेशनं, वर आंद्राशी रस्ता आणि ही लाइन दोन्ही २००२ पासून जागतिक वारसा यादीत. हिरोज स्क्वेअरच्या मागे वारोशलिगेत बाग आणि तिथेच सेचेनी बाथ, म्हणजे गरम खनिज पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह. आता बाथबद्दल नीट वाचा, कारण तुमच्याबरोबर मूल आहे. १४ वर्षांखालच्या मुलांना गरम खनिज पाण्याच्या कुंडांत घेत नाहीत. त्यामुळे अख्खं कुटुंब एकदम जाऊ शकत नाही. माझा उपाय असा, मोठ्यांनी दोन पाळ्या करायच्या, दोघं आत आणि बाकीचे मुलाबरोबर बाहेर, बागेत मोठं खेळायचं मैदान आहे, वायदाहुन्यादचा देखणा किल्ला आहे आणि बाथच्या जवळच १८६६ पासूनचं प्राणिसंग्रहालय. मुलाचं काही अडत नाही. त्याला पाण्यातच खेळायचं असेल तर मार्गारेट बेटावर पालातिनुश आहे, घसरगुंड्या आणि मुलांचे तलाव.

सेचेनी १९१३ मधलं, बाहेरचे तलाव मोठे, पिवळ्या राजवाड्यासारख्या इमारतीच्या चौकात. सकाळी उघडल्या उघडल्या जा, शनिवार-रविवार टाळा, तिकीटही तेव्हा जास्त. पोहायचे कपडे पोहण्याच्याच कापडाचे हवेत, सुती कुर्ता-टीशर्ट घालून पाण्यात उतरू देत नाहीत, पूर्ण अंगभर स्विमसूट चालतो, सासूबाईंसाठी पुण्या-मुंबईतूनच घेऊन जा. टॉवेल आणि रबरी चपला आपल्या न्या. लांब पोहायच्या तलावात टोपी सक्तीची. तिकीट घेताना लॉकरऐवजी केबिन घ्या, कपडे बदलायला एकांत मिळतो, आपल्या बायकांना तेच बरं वाटतं. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून जा, आणि ३८ अंशांच्या पाण्यात एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, बाहेर या, पाणी प्या. जुनं तुर्की बाथ बघायचं असेल तर रुदाश, १६ व्या शतकातला घुमट आणि त्याखाली अष्टकोनी कुंड, त्याचे काही दिवस फक्त बायकांचे तर काही पुरुषांचे असतात, आधी बघून जा. गेलर्ट बाथचे फोटो बघून मोहात पडाल, ते २०२५ च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद आहे आणि काही वर्षं चालेल.

परत येताना आंद्राशीवरून चालत या, वाटेत फेरेंत्स होप यांच्या नावाचं आशियाई कलेचं म्युझियम, पुढे ६० नंबरला हाउस ऑफ टेरर, जिथे आधी फॅसिस्टांचं आणि मग कम्युनिस्ट गुप्त पोलिसांचं ठाणं होतं (मुलाला नको), आणि १८८४ चं ऑपेरा हाउस. आपल्याकडच्या लोकांना मी इथे आवर्जून सांगते की अमृता शेरगिल यांचा जन्म याच शहरातला, १९१३ चा, आई हंगेरियन. भारतीय दूतावासाचं सांस्कृतिक केंद्र त्यांच्या नावाने चालतं.

चौथा अर्धा दिवस मिळाला तर मुलासाठी गेर्मेकवशूत, बुडाच्या टेकड्यांतली लहान मुलांची रेल्वे. तिकीट देणं, सिग्नल, गाडीला सलाम ठोकणं ही कामं १० ते १४ वर्षांची मुलं करतात, इंजिन फक्त मोठी माणसं चालवतात. साधारण ११ किलोमीटर जंगलातून, १९४८ पासून चालू. ती जिथून सुटते त्या ह्युवेशव्योल्जला ६१ नंबर ट्रामने जाता येतं. तुमच्या मुलाच्या वयाला याहून चांगलं त्या शहरात काही नाही. दुसरा पर्याय सेंतेंद्रे हे नदीकाठचं जुनं गाव, बाच्यानी चौकातून एच ५ लोकलने चाळीसेक मिनिटं, पण तुमचा पास शहराच्या हद्दीपर्यंतच चालतो, पुढचं जास्तीचं तिकीट आधी काढा.

जेवणाचं. सासू-सासऱ्यांची काळजी मला कळते. हंगेरीत मांस आणि डुकराची चरबी खूप वापरतात, भाजीच्या सूपमध्येसुद्धा मांसाचा स्टॉक असू शकतो, विचारल्याशिवाय सूप घेऊ नका. "हूश नेल्क्युल" म्हणजे मांसाशिवाय, "तोयाश" म्हणजे अंडं, हे दोन शब्द पुरतात. काय खाता येईल: लांगोश, तळलेली जाड पोळी, वर लसूण, आंबट साय आणि चीज, पण कशात तळलंय ते विचारा. फ्योझेलेक म्हणजे पीठ लावून दाट केलेली वाटाणा, पालक, दुधी अशी भाजी, वर मांसाचा तुकडा ठेवतात तो नको म्हणायचं. रांतोत शाय्त, तळलेलं चीज, सगळीकडे मिळतं. मेज्लेवेश, आंबट चेरीचं गार गोड सूप, मे-जूनमध्ये मजा येते. रेतेश, चेरी, खसखस किंवा सफरचंदाचं सारण भरलेला पातळ पापुद्र्यांचा रोल, मला याच्यासाठी वेगळं पोट आहे. अंडं अजिबात चालत नसेल तर बेकरीतलं बरंचसं बाद होतं. पाचव्या-सहाव्या डिस्ट्रिक्टमध्ये भारतीय हॉटेलं आहेत, रोज एक जेवण तिथे, एक बाहेर, आणि सकाळी खोलीत थेपले-चटणी, असं केलं की कोणी कुरकुरत नाही. नळाचं पाणी थेट पिता येतं. मोठी मंडई, १८९७ ची, फोवाम चौकात, सकाळी जा, शनिवारी दुपारी लवकर आवरतात, पॅप्रिका तिथूनच घ्या, गोड आणि तिखट असे दोन प्रकार असतात, डब्यावर बघून.

तारखा लावताना दोन गोष्टी. १ मे आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार या सुट्ट्या आहेत, किराणा दुकानं बंद असतात, आदल्या दिवशी दूध-ब्रेड आणून ठेवा. बरीच म्युझियम सोमवारी बंद. आणि काही कारणाने ट्रिप दिवाळीच्या सुट्टीत गेलीच तर वरचं सगळं वेळापत्रक बदलेल, नोव्हेंबरात साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो, मग बोट सहाची चालेल, पण पार्लमेंटसमोर बाच्यानीला चारला पोचावं लागेल.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी फ्लाइट आणि रद्द करता येणारी हॉटेलं, मग व्हिसा, व्हिसा आला की व्हिएन्नाच्या ट्रेनची तिकिटं सीट रिझर्व्हेशनसकट, कारण पाच जणांना एकत्र जागा शेवटी मिळत नाहीत, आणि पार्लमेंटच्या तारखा खुल्या झाल्या की त्याच दिवशी स्लॉट. बाथ आणि बोट तिथे गेल्यावर हवामान बघून ठरवा. तुमचे बुडापेस्टचे तीन दिवस कोणत्या वारी पडतायत ते कळवा, शनिवार-सोमवार बघून सिनेगॉग आणि म्युझियम कुठे टाकायचं ते सांगते.